पाणी पिणारी फुलदाणी

मित्रांनो, मी एक जुनी फुलदाणी आहे. मातीची, दोन कानांची, गळ्याशी बारीक आणि पोटाला जरा सुटलेली. पोटाचं सांगितलं म्हणून हसू नका, माझ्या काळात ते देखणेपणाचं लक्षण होतं. माझ्या अंगावर काळ्या रंगात पाखरांची रांग काढलेली आहे. प्रत्येक पाखरू पुढच्याच्या शेपटीकडे बघत गोल चाललं आहे, त्यामुळे पहिलं कोण आणि शेवटचं कोण हे मला आजवर कळलेलं नाही.

मला घडवणारा कुंभार मोठा तापट माणूस. भांडं मनासारखं उतरलं नाही की तो ते चाकावरच मुठीने बसवून टाकायचा. माझ्याआधी त्याने अशा कितीतरी बहिणींचा चिखल केला होता. मला मात्र त्याने चाकावरून उतरवलं, गळ्याखाली बोट टेकवून जरा वेळ पाहिलं आणि "बरी आहे" एवढंच म्हणाला. त्या बोटाचा ठसा अजून माझ्या गळ्याखाली आहे. भट्टीत मी अंगभर भाजले, पण तो ठसा गेला नाही.

मग मी एका मोठ्या घरात गेले. तिथे माझ्यात रोज ताजी फुलं असत. पाहुणे आले की आधी माझ्याकडे बघत आणि मग घरच्या माणसांची चौकशी करत. मला वाटलं, आता जन्मभर असंच चालणार. पण एके दिवशी ते घर कोसळलं आणि मी घरासकट मातीखाली गेले. माझे तुकडे झाले. किती काळ गेला ते मला सांगता येणार नाही. मातीच्या भांड्याला मातीची भीती नसते, त्यामुळे मी तिथे निवांत पडून होते.

पुढे माणसांनी ती जमीन खणली, माझे तुकडे वर काढले, धुतले आणि जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याला विकले. त्याला सगळे चष्मेवाले म्हणत, कारण तो चष्मा कपाळावर चढवून दिवसभर चष्मा शोधत असे. त्याने मला डिंक लावून जोडलं खरं, पण माझ्या पोटावरचा तळहाताएवढा तुकडा काही सापडला नव्हता. म्हणून त्याने मला ते भोक भिंतीकडे करून उभं केलं. फाटकी बाही पाठीमागे लपवून माणूस उभा राहतो ना, तशी मी त्याच्या दुकानात उभी होते. गिऱ्हाईक यायचं, मला फिरवायचं, भोक बघायचं आणि परत ठेवून निघून जायचं. मित्रांनो, धूळ बसल्याचं दुःख फारसं नसतं. कुणी हातात घेऊन परत ठेवतं ना, त्याचं दुःख मोठं.

अशात एक दिवस डॉक्टर आले. हे डॉक्टर दातांचे. जुनी भांडी, काचेच्या कुप्या, चिनी मातीच्या बशा जमवण्याचा त्यांना भारी नाद. त्यांनी मला उचललं, फिरवलं आणि भोकात बोट घालून आतून चाचपलं.

"हिला खोट आहे," ते म्हणाले.

"खोट नसती तर ती माझ्याकडे कशाला राहिली असती?" चष्मेवाले म्हणाले. "घेऊन जा डॉक्टर. आणि ही पेटीसुद्धा न्या. नुसती खापरं आहेत. एका तान्ह्या मुलाला पुरलेल्या खड्ड्यातून निघाली, म्हणून कुणी हात लावत नाही. माझ्या दुकानातून गेली तर बरंच होईल."

डॉक्टरांचा हात माझ्या गळ्याभोवती होता. तो एकदम गार पडला. ते नको म्हणणार असं मला वाटलं. त्यांनी तसं तोंडही उघडलं होतं. पण त्यांनी एका काखेत मला घेतलं, दुसऱ्या काखेत ती लाकडी पेटी घेतली आणि आम्ही घरी आलो.

घरात डॉक्टर आणि त्यांची बायको अशी दोनच माणसं. बाईंनी मला पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अहो, अजून एक? घरात माणसं दोन आणि फुलदाण्या खंडीभर."

"हिच्या गळ्याखाली बघ. कुंभाराचं बोट उमटलंय."

बाईंनी त्या ठशात आपलं बोट ठेवून पाहिलं आणि त्यांचा राग गेला. पेटीत काय आहे ते त्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "काही नाही, फुटकंतुटकं," आणि त्यांनी पेटी कामाच्या टेबलाखाली पायाने सरकवली.

मला काचेच्या कपाटात जागा मिळाली. माझ्या एका बाजूला निळ्या काचेची अत्तराची कुपी होती, दुसऱ्या बाजूला लांब मानेची सुरई. सुरई आखडू होती, पण कुपीला बोलायची हौस. घरातल्या भांड्यांना घरातलं सगळं ठाऊक असतं. तिनेच मला सांगितलं की या दोघांना पूर्वी एक मुलगी झाली होती आणि ती थोडेच दिवस जगली. बाई तेव्हा दवाखान्यात तापाने बेशुद्ध होत्या. त्या शुद्धीवर आल्या तोवर डॉक्टर एकटेच बाळाला घेऊन गेले होते आणि रिकाम्या हातांनी परतही आले होते. कुठे पुरलं ते त्यांनी सांगितलं नाही, बाईंनी विचारलं नाही. तेव्हापासून त्या एका गोष्टीच्या भोवती दोघं पाय न वाजवता चालत आली होती.

"कपाट त्यानंतर भरायला लागलं," कुपी म्हणाली.

आता डॉक्टरांची एक खोड सांगते. त्यांना मोकळी जागा बघवत नसे. ते म्हणायचे, एक दात पडला की शेजारचे दात त्या फटीकडे कलायला लागतात आणि मग सगळ्या तोंडाची रया जाते. म्हणून फट दिसली की बुजवायची. दवाखान्यातली जुनी हत्यारं त्यांनी घरी आणून ठेवली होती. बारीक कानशी, टोकदार सळ्या, तोंडात धरायचा आरसा, कवळीचा ठसा घ्यायचं पांढरं प्लॅस्टर. फुटक्या भांड्याची फट ते त्या प्लॅस्टरने भरत आणि मग वरून रंगवत. माझ्यासाठीही त्यांनी प्लॅस्टर काढलं होतं. पण ते कालवण्याआधी त्यांनी वाकून टेबलाखालची पेटी ओढली.

त्यांनी तसं का केलं याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्या खापरांचा रंग माझ्या रंगाशी जुळत होता, हे खरं. पण तेवढंच नसावं. त्यातलं एक तरी खापर कुठेतरी नीट, धड बसावं असं त्यांना वाटलं असेल. त्यांनी तळहाताएवढा एक गोलसर तुकडा निवडला आणि माझ्या भोकावर धरला. तो थोडा मोठा होत होता. मग दाढेवर टोपी बसवताना डॉक्टर टोपी घासतात ना, तसं त्यांनी त्या खापराला कानशीने घासायला सुरुवात केली. घासायचं, लावून बघायचं, पुन्हा घासायचं. तांबूस भुकटी टेबलावर सांडत होती. त्यांनी ती ओल्या कापसाने पुसली आणि कापूस केराच्या टोपलीत टाकला.

जुनं खापर असं घासायचं नसतं, मित्रांनो. त्याची कड हीच त्याची ओळख असते. आपलं घर कुठलं, आपला शेजारी कोण, हे त्याला कडेवरूनच कळतं. हे डॉक्टरांना माहीत नव्हतं असं नाही. पण त्यांचे हात दातांच्या सवयीने चालले होते.

खापर बसलं. वर त्यांनी पाखरं रंगवली आणि मी पुन्हा धडधाकट झाले. जमवणाऱ्या मंडळींचं एक प्रदर्शन भरलं होतं, तिथे मला मधल्या टेबलावर ठेवलं. लोक माझ्याभोवती फिरून सांधा शोधत होते आणि त्यांना तो सापडत नव्हता. मी फुलून गेले होते. इतक्या वर्षांनी कुणीतरी आधी माझ्याकडे बघत होतं.

पण घरी परत आल्यावर कपाटात काहीतरी बिनसलं. कुपी माझ्याशी बोलेनाशी झाली. एका दुपारी माझं तिच्याकडे लक्ष गेलं. तिची माझ्याकडची बाजू धुरकट झाली होती. काचेवर कुणी तोंड लावून श्वास सोडावा तसा एक छोटासा गोल ठिपका. बाईंनी तो मऊ फडक्याने पुसला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तिथेच होता.

"तुझ्या पोटात कोण आहे?" कुपीने मला विचारलं. त्यानंतर ती माझ्याशी कधीच बोलली नाही.

बाईंनी मग मला कपाटातून काढून खिडकीत ठेवलं, पाणी भरलं आणि बागेतली पांढरी फुलं घातली. दुपारपर्यंत पाणी निम्मं झालं. संध्याकाळी बाईंनी फुलं उचलली तेव्हा माझ्यात थेंबही नव्हता. खिडकीची फळी कोरडी होती.

"अहो, ही गळतेय."

डॉक्टरांनी मला उचललं, खालून पाहिलं, कागदावर ठेवून पाहिलं. कागद कोरडा. "भाजलेली माती पाणी पितेच," ते म्हणाले. "जुनी आहे, तहानलेली असेल." ते हसले, पण हसता हसता त्यांनी माझ्या पोटावरून हात फिरवला आणि लगेच काढून घेतला.

मित्रांनो, माती पाणी पिते हे मलाही ठाऊक आहे. पण ती गुपचूप पिते. इथे आवाज येत होता. अगदी बारीक, थांबून थांबून. तान्हं मूल ओठांनी करतं तसा चुक् चुक् आवाज, माझ्या आतून, त्या नव्या तुकड्याच्या बाजूने. मी तोवर पुष्कळ काही पाहिलं होतं. घर कोसळताना पाहिलं होतं. पण भीती म्हणजे काय ते मला त्या खिडकीत, भर उन्हात कळलं.

बाईंनीही तो आवाज ऐकला. डॉक्टर दुपारी दवाखान्यात जात, तेव्हा घर अगदी शांत असे. त्या फुलं बदलायला आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी आपला कान माझ्या तोंडाला लावला. त्या किंचाळल्या नाहीत. दचकल्यासुद्धा नाहीत. बराच वेळ ऐकून त्या स्वयंपाकघरात गेल्या, दूध कोमट केलं, करंगळी बुडवून पाहिलं आणि माझ्यात ओतलं.

दूध संपलं. आवाज थांबला नाही.

त्या दिवसापासून रोज तेच. फुलं बंद झाली. बाई खुर्ची ओढून माझ्याजवळ बसायच्या, दूध ओतायच्या, ते आटताना बघायच्या आणि पुन्हा ओतायच्या. त्या काहीतरी गुणगुणत, शब्द नसलेलं. त्यांचं बाहेर जाणं सुटलं. ताटात वाढलेलं तसंच राहू लागलं. धाकट्या बहिणीचा फोन आला की त्या म्हणत, "आत्ता नको गं, नंतर बोलते, आत्ताच जरा शांत झालीय." बहीण विचारी, "ताई, कोण शांत झालीय?" त्यावर त्या फोन ठेवून देत. त्यांचे गाल बसले, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जाऊ लागल्या. आणि माझ्या आतली भूक मात्र तसूभर कमी होत नव्हती. त्या बाळाचा राग मला कधीच आला नाही. पण ही बाई अशीच रोज थोडी थोडी ओतली जात राहिली तर एक दिवस दुधासारखी आटून जाईल, हे मला दिसत होतं आणि मला काही करता येत नव्हतं. कान दोन दिलेत कुंभाराने, तोंडही दिलंय, पण जीभ दिलेली नाही.

एका दुपारी डॉक्टर दवाखान्यातून लवकर परतले. बाईंच्या हातात दुधाचं भांडं होतं. ते दारातच थांबले. त्यांनाही आवाज ऐकू आला असावा, कारण ते पांढरेफटक पडले.

"केव्हापासून चाललंय हे?"

"तुम्ही हिचं भोक बुजवलंत तेव्हापासून," बाई शांतपणे म्हणाल्या. "अहो, तो तुकडा कुणाचा आहे?"

"पेटीतला."

"पेटीतला म्हणजे कुणाचा?"

डॉक्टर खुर्चीत बसले. ते म्हणाले, "एका तान्ह्या मुलाच्या खड्ड्यातला. मला माहीत होतं."

बाईंनी भांडं खाली ठेवलं, टेबलाखालून पेटी काढली आणि खापरं फडक्यावर ओतली. त्या एकेक तुकडा बोटाने सारत गेल्या. शेवटी एक छोटी तोटी त्यांच्या हाती लागली. डॉक्टरांनी ती घेऊन उजेडात धरली. जन्मभर माणसांच्या तोंडात डोकावलेला माणूस तो. तोटीच्या टोकावरून त्यांनी अंगठा फिरवला.

"बोंडलं आहे हे," ते म्हणाले. "बाळाला दूध पाजायचं. बघ टोक किती गुळगुळीत झालंय. चोखून चोखूनच असं होतं."

"ज्याचं भांडं फुटलंय ते पोर जेवणार कसं?" बाई म्हणाल्या. "मी रोज ओततेय, पण ते त्याच्या भांड्यात पडतच नाही. काढा तो तुकडा."

मित्रांनो, खरं सांगते, माझा जीव खाली-वर झाला. पुन्हा भोक, पुन्हा भिंतीकडे पाठ. पण डॉक्टरांनी ऊन पाण्याचा कापूस माझ्या सांध्यावर धरला, सळीने हळूहळू खापर सोडवलं आणि ते निघालं तेव्हा मला हलकं वाटलं. पायात रुतलेला काटा निघाल्यावर वाटतं ना, तसं.

मग ते बोंडलं जोडायला बसले. तळ जुळला, बाजू जुळल्या, तोटी बसली. शेवटी माझ्यातून काढलेला तुकडा लावला आणि तो बसेना. तो लहान झाला होता. चारी बाजूंनी फट राहत होती. डॉक्टरांनी तो पुन्हा पुन्हा फिरवून लावून पाहिला. घासलेली भुकटी केव्हाच केरात गेली होती. ती आता कुठून आणणार? आयुष्यभर फटी बुजवणारा तो माणूस त्या फटीकडे बघत रडला. बाईंनी त्यांना रडू दिलं. मग त्यांनीच प्लॅस्टरचा डबा पुढे सरकवला.

"रंगवू मात्र नका," त्या म्हणाल्या. "दिसू दे."

बोंडलं तयार झालं. लहानसं, ओंजळीत मावणारं, तांबूस, आणि त्या एका तुकड्याभोवती पांढरी कड. ते सुकल्यावर बाईंनी त्यात दूध ओतलं. दोघं समोरासमोर बसली. मी खिडकीतून बघत होते. दूध हलकेच खाली उतरू लागलं. तोच आवाज, पण आता घाई नव्हती. भांडं रिकामं झालं. बाईंनी पुन्हा भरलं. ते निम्मं झालं आणि थांबलं. आम्ही सगळे थांबलो. ऊन खिडकीवरून भिंतीवर गेलं तरी दूध तेवढंच होतं. कपाटातल्या निळ्या कुपीवरचा ठिपका आपोआप पुसला गेला.

"झोपलं," बाई अगदी हळू म्हणाल्या.

थोड्या वेळाने डॉक्टर म्हणाले, "हे परत मातीत ठेवायला हवं."

"कुठे?"

डॉक्टर म्हणाले, "मला एक जागा माहीत आहे."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. इतकी वर्षं त्या घरात न उच्चारलेली गोष्ट त्या क्षणी दोघांच्या मध्ये येऊन बसली होती, हे मला, एका भोक पडलेल्या फुलदाणीलासुद्धा कळलं.

"मी विचारीन म्हणून थांबला होतात?" बाईंनी विचारलं.

"तू विचारशील म्हणून घाबरलो होतो."

बाईंनी बोंडलं पदरात घेतलं आणि चपला घातल्या. दार लागल्याचा आवाज आला. ती दोघं परत आली तेव्हा त्यांच्या नखांत माती होती आणि दोघंही थकलेली होती. बाईंनी हात धुण्याआधी बहिणीला फोन लावला. "अगं, तिची जागा पाहून आले," त्या म्हणाल्या. "स्मशानाच्या भिंतीच्या कडेला आहे. झाड आहे तिथे. ह्यांनी लावलेलं. दर वर्षी जाऊन पाणी घालतात आणि मला पत्ता नाही. छान सावली आहे गं. मी उगीच इतकी वर्षं उन्हातली जागा डोळ्यांपुढे धरून बसले होते." त्यानंतर त्या खूप रडल्या आणि रात्री दोघं पोटभर जेवली.

आता माझ्यात पाणी राहत नाही. डॉक्टरांनी माझं भोक बुजवलेलं नाही आणि ते भिंतीकडे करून मला ठेवलेलंही नाही. खोट बघून पाहुणे विचारतात, तुम्ही एवढे हुशार कारागीर आणि हिला अशी का ठेवलीत? डॉक्टर म्हणतात, "हिचा तुकडा सापडला की बसवू." पाहुण्यांना हे हट्टीपणाचं वाटतं.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यापैकी कुणाला आमच्यासारख्या जुन्या वस्तू जमवायचा नाद लागेल. जरूर जमवा. आम्हाला पुसा, जोडा, उजेडात ठेवा, आम्हाला ते आवडतं. पण हातात खापर आलं तर ते कुठे बसेल हे बघायच्या आधी ते कुणाचं आहे हे विचारा. आणि तुमच्या घरात कुणी एखादी गोष्ट विचारायची राहून गेली असेल, कुणी सांगायची राहून गेली असेल, तर आमच्यासारख्या भांड्यांवर ती सोपवू नका. आम्ही ती सांभाळतो, पण आम्हाला ती बोलून दाखवता येत नाही. तुम्हीच एकमेकांना विचारा. झाडाला पाणी घालायला मग दोघांना जाता येतं.